लढाईतल्या गाड्या, शांततेतले हात
(महोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेत संस्थेच्या कार्याचा आढावा घेतला जातो, देणगीदारांचे आभार मानले जातात. ती कामे आपल्या चिटणीसांनी यथास्थित पार पाडली आहेत. आम्हाला कार्यकारी मंडळाने एवढेच सांगितले की, आपल्या आवडीचा एखादा विषय मांडा आणि मंडळींना कंटाळा येऊ देऊ नका. जुनी वर्तमानपत्रे चाळण्याचा आमचा नाद आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणून लढाईसाठी बनलेल्या मोटारगाड्या, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांनी काय छापले, आणि लढाई संपल्यावर त्या गाड्यांचे काय झाले, हा विषय आम्ही घेतला आहे. धर्मादाय संस्थेचा आणि रणगाड्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो आम्ही शेवटी सांगू.

प्रथम घरची गोष्ट. आपल्या शहराजवळ हजीरा येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या कारखान्यात 'के-९ वज्र' ही तोफ तयार होते. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर स्वतःच्या बळाने चालणारी ही तोफ आहे. अशा १०० तोफांचा करार २०१७ साली झाला, जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तेथील विभागाचे उद्घाटन झाले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत शंभरावी तोफ सैन्याच्या हाती गेली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० तोफांचा करार झाला. त्या वेळची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. पण आम्ही ती पाहताना मनाशी म्हटले की, या यंत्राची पहिली बातमी ठळक अक्षरांत आली. शेवटची बातमी कोणत्या पानावर येईल? हा प्रश्न आमच्या मनात जुन्या अंकांनीच घातला आहे. लढाऊ गाडी कामावर निघते तेव्हा ती पहिल्या पानावर असते, आणि कामावरून उतरते तेव्हा आतल्या पानावरच्या बारीक टाइपातल्या लिलावाच्या जाहिरातीत सापडते.

जीपगाडीचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील बँटम या लहानशा कंपनीने या जातीची पहिली गाडी सैन्याला करून दाखवली. मोठ्या संख्येने ती बनवण्याचे काम मात्र विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांकडे गेले, आणि १९४५ पर्यंत त्या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. 'जीप' हे नाव घरोघर पोचवले ते वर्तमानपत्रांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या इमारतीच्या पायऱ्यांवरून ही गाडी चढवून दाखवण्यात आली. तेथे हजर असलेल्या कॅथरीन हिलयर या वार्ताहर बाईंनी आपल्या बातमीत तिला 'जीप' म्हटले, आणि सैनिकांच्या तोंडचा शब्द जगाच्या तोंडी गेला. हा शब्द मुळात कोठून आला याबद्दल वाद आहे. 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत १९३६ साली जीप नावाचा एक अजब प्राणी आला होता, त्याचे नाव सैनिकांनी गाडीला दिले, असे पुष्कळजण मानतात. म्हणजे नावही बहुधा वर्तमानपत्राच्याच पानावरचे!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पायऱ्या चढण्याचा तो खेळ मुद्दाम वार्ताहरांना बोलावून केलेला होता. ती बातमी होती, तशी जाहिरातही होती. पुढे युद्ध चालू असतानाच 'ही गाडी आम्हीच निर्माण केली' अशा अर्थाच्या जाहिराती विलिस कंपनीने मासिकांतून दिल्या. त्याविरुद्ध अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगापुढे १९४३ मध्ये प्रकरण गेले आणि १९४८ मध्ये आयोगाने कंपनीला असा दावा करण्यास मनाई केली. तोपर्यंत पाच वर्षे गेली होती. बँटम कंपनीचे नाव लोक विसरले आणि विलिसचे नाव लोकांच्या जिभेवर बसले. ज्याचे नाव छापले जाते त्याचे काम लक्षात राहते. ज्याचे नाव छापले जात नाही त्याने किती का खस्ता खाल्लेल्या असेनात!

आता आपल्या देशाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांच्या कागदावर नियंत्रण होते, म्हणून अंकांची पाने थोडी असत. भारत संरक्षण नियमांमुळे सैन्याविषयी काय छापावे यावरही बंधने होती. रणगाड्यांची व लष्करी मालमोटारींची जी चित्रे येत, ती बहुधा सरकारी प्रसिद्धी खात्याने पुरवलेली असत. त्यामुळे जुन्या अंकातले चित्र पाहताना खाली काय लिहिले आहे ते वाचावेच, पण काय लिहिलेले नाही तेही विचारावे. गाडी कोणी हाकली, चाक कोणी बदलले, सांगाड्यावर पत्रा कोणी ठोकला, हे तेथे सहसा नसते.

वास्तविक हे काम येथल्या माणसांनी केले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स कंपनीचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचेही काम मुंबईत होते. युद्धकाळात परदेशांतून सुटे भाग येत आणि मुंबईत त्यांच्या गाड्या उभ्या राहत. जमशेदपूरला तर कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यावर टाटांच्या कारखान्यातले पोलादी चिलखत चढवून हजारो लढाऊ गाड्या तयार झाल्या. त्यांना सैनिक 'टाटानगर' याच नावाने ओळखत. ज्या फिटरांनी, लोहारांनी आणि सुतारांनी या गाड्या जुळवल्या, त्यांच्या हातात युद्ध संपताना एक नवी विद्या आलेली होती. ती विद्या पुढे कामास आली.

त्याच काळात गावोगावच्या सर्व्हिस मोटारींची काय अवस्था होती? पेट्रोल शिधापत्रावर मिळे, टायर मिळत नसत. पुष्कळ मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर त्या चालवाव्या लागत. चढ आला की प्रवाशांनी उतरून धक्का मारायचा. म्हणून १९४५ साली शांतता झाली तेव्हा देशात एका बाजूला मोडकळीस आलेल्या प्रवासी गाड्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला लष्करी तळांवर रांगेने उभी असलेली हजारो वाहने होती. मे १९४६ च्या करारान्वये अमेरिकन सैन्याने येथे मागे ठेवलेला शिल्लक मालही भारत सरकारच्या ताब्यात आला. तो विकण्यासाठी स्वतंत्र खाते होते. त्या खात्याच्या नावातला 'डिस्पोजल' हा शब्द बाजारात इतका रुळला की, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची मोटार असे लोक सहज बोलू लागले. १९५१ मध्ये त्या खात्याचे पुरवठा खात्याशी एकत्रीकरण झाले आणि ते महासंचालनालय २०१७ साली बंद झाले.

या विक्रीतून निघालेल्या वाहनांचे पुढे काय झाले, याची कहाणी मोठी मनोरंजक आहे. देशात ठिकठिकाणी लष्करी मालमोटारीवरचा हिरवा साटा काढून, लाकडी साटा आणि बाके बसवून प्रवासी गाड्या करण्यात आल्या. दिल्लीच्या मिस्त्रींनी सैन्याच्या जुन्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे दोन चाके आणि बैठक जोडली व 'फटफटी' नावाची सवारी तयार केली. जुन्या व नव्या दिल्लीमध्ये ती लोकांना कित्येक दशके नेत होती. धुराच्या प्रश्नावरून १९९८ च्या सुमारास ती बंद झाली. फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैन्याने सोडून दिलेल्या जीपगाड्या तेथल्या कारागिरांनी लांब केल्या, दोन्ही अंगांना बाके घातली, वर छत चढवले, रंगीबेरंगी चित्रे काढली आणि 'जीपनी' हे तेथल्या गोरगरिबांचे वाहन जन्माला आले. दिल्ली आणि मनिला यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नव्हता. पण गरज सारखी होती, आणि पान्हा हातात धरणाऱ्या माणसाची अक्कलही सारखीच.

आपल्या गुजरातेत याचे एक दूरचे भावंड आहे. सेनेच्या मागणीवरून एनफिल्डची बुलेट मोटारसायकल भारतात आली आणि १९५५ पासून मद्रासला तिचे काम सुरू झाले. तिच्याच इंजिनावर सौराष्ट्रातल्या कारागिरांनी तीन चाकांचा 'छकडा' उभा केला. काठियावाडात गेलेल्या आपल्यापैकी कोणी त्यात बसले असेल, तर त्याचा आवाज ते विसरले नसतील.

शेतीचेही एक उदाहरण सांगतो. मध्य भारतात कांस नावाच्या गवताने लाखो एकर जमीन व्यापली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराचे तेथे काही चालत नाही. १९४७ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना काढली, ती अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला नव्या जड ट्रॅक्टरांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. लढाईसाठी आणलेले यंत्र पडीक जमीन फोडू लागले, ही गोष्ट त्या काळच्या वाचकांना किती दिलासा देणारी वाटली असेल!

परंतु आम्ही केवळ गोड बाजू सांगितली, तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखेच वागल्यासारखे होईल. त्याच वर्षांत ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेत टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची प्रचंड योजना हाती घेतली. इजिप्त व फिलिपाइन्समधल्या लष्करी शिलकीतून ट्रॅक्टर आणले, शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून पाहिले. पण माती उन्हाने विटेसारखी कडक होई, पाऊस पुरेसा पडेना, यंत्रे मोडली की सुटे भाग नाहीत आणि दुरुस्त करणारे शिकलेले हातही पुरेसे नाहीत. १९५१ मध्ये योजना गुंडाळावी लागली आणि साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडीत खाती गेली. कांसाच्या रानात आणि भुईमुगाच्या रानात यंत्रे जुन्या लढाईचीच होती. यंत्र स्वस्तात मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. जमीन ओळखणारा शेतकरी आणि यंत्र ओळखणारा मिस्त्री नसेल, तर लिलावातली स्वस्ताई महाग पडते.

जुन्या गाड्यांच्या व्यवहाराने सरकारांनाही घाम फोडला आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमार्फत जीपगाड्या घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार झाला, आणि प्रत्यक्षात १५५ गाड्या येऊन पोचल्या. संसदेत आणि वर्तमानपत्रांत त्यावर वर्षानुवर्षे वादळ उठले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण संपल्याचे जाहीर केले, तरी स्वतंत्र भारतातील पहिले मोठे खरेदी प्रकरण म्हणून त्याचे नाव आजही निघते. आणि सर्वच गाड्या शांततेच्या कामाला लागल्या असेही नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला या सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे पोचले आणि लढाईचे पारडे फिरले. ते रणगाडे दुसऱ्या महायुद्धातलेच होते.

तरीही शेवटी जीप आपल्या घरातली झाली. विलिस कंपनीने १९४५ मध्येच शेतकऱ्यासाठी बिनलष्करी जीप काढली होती. महिंद्र बंधूंपैकी के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते. त्यांच्या कंपनीने विलिसशी संबंध जोडले आणि १९४९ साली मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. तेव्हापासून मामलेदाराची जीप, निवडणुकीची जीप, देवी डॉक्टरांची जीप आणि धरणावरच्या इंजिनिअरची जीप हे खेड्यापाड्यांतले नेहमीचे दृश्य झाले. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांत आहेत. तापी व्हॅली रेल्वेने आपली वाडवडील मंडळी सुरतेला आली. पण स्टेशनापासून गाव, आणि गावापासून पाडा, हा शेवटचा टप्पा पुष्कळदा जीपच्या मागच्या फळीवर बसून किंवा पुढे 'काळी-पिवळी'त दाटीवाटीने झाला. ही काळी-पिवळी त्या लष्करी जीपचीच नात म्हणावी लागेल.

एसटीचेही तसेच. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. १ मे १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यातच होती, म्हणून सुरतेची आणि धुळ्याची एसटी एकाच महामंडळाची होती. त्या काळच्या वर्कशॉपांत आणि गॅरेजांत ज्यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांपैकी किती जणांनी हे काम फौजेत किंवा लष्करी कारखान्यात शिकून घेतले असेल! योगायोग पाहा: ज्या अहमदनगरातून, आजच्या अहिल्यानगरातून, पहिली एसटी निघाली, त्याच गावी १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे देशोदेशींचे रणगाडे नीट रंगवून ठेवले आहेत. मुलांना अवश्य दाखवावे असे ते ठिकाण आहे. मात्र रणगाडा जपला जातो तशी लाकडी साटा चढवलेली मालमोटार सहसा कोणी जपत नाही. ती शेवटच्या खिळ्यापर्यंत वापरली जाते आणि भंगारात जाते. तिची आठवण राहिलीच तर कागदात राहते.

आणि आता तो सुरुवातीला सांगायचा राहिलेला संबंध. आपल्या ट्रस्टचा इतिहास लिहायचा झाला तर कोणते कागद हाती लागतील? उद्घाटनांची छायाचित्रे, पाहुण्यांची नावे, मोठ्या देणग्यांच्या पावत्या. म्हणजे आपलेही पहिले पान शाबूत आहे. पण ज्या माणसांनी दिवसा गिरणीत, गॅरेजात, स्टिअरिंगवर बसून काम केले आणि रात्री या संस्थेसाठी वर्गणीचे डबे फिरवले, त्यांच्या आठवणी घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापीने सुरतेच्या बहुतेक भागात शिरून काय केले ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा लष्कराची वाहने आणि होड्या लढाईसाठी नव्हे, माणसे वाचवण्यासाठी आपल्या रस्त्यांवर आली. माणसे वाचली, पण किती घरांतले कागद चिखलात गेले! जे उरले तेही आवराआवरीत रद्दीवाल्याकडे जाण्याची भीती आहे.

म्हणून या महोत्सवी वर्षात ट्रस्टने जुन्या कागदांसाठी एक कपाट उघडावे, अशी आमची विनंती आहे. त्याला मोठा निधी लागणार नाही. घरात वडिलांचा किंवा आजोबांचा मोटार चालवण्याचा परवाना असेल, एसटीचा बिल्ला असेल, फौजेतून सुटल्याचा दाखला असेल, जीपशेजारी उभ्या असलेल्या मंडळींचे छायाचित्र असेल, एखादे पिवळे पडलेले कात्रण असेल, तर ते मूळ देऊ नका, घरीच ठेवा; पण त्याचे छायाचित्र काढून प्रत संस्थेकडे द्या. आज प्रत्येक घरात फोन आहे, तेव्हा हे काम शाळकरी मुलेसुद्धा करतील.

दोन-तीन व्यवहारी सूचना करतो. कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान पेन्सिलीने समासात लिहा. तारखेवाचून कात्रण म्हणजे पत्त्यावाचून पाकीट. छायाचित्राच्या मागे माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहा, आणि ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या. कात्रणे खळीने चिकटवू नका, तिला कसर लागते. प्लॅस्टिकमध्ये गरम दाबूनही बंद करू नका. वर्तमानपत्राचा कागद मुळातच लवकर पिवळा पडून तुटतो, म्हणून तो घडी न घालता सपाट, कोरडा आणि उन्हाआड ठेवा. कपाट शक्यतो वरच्या मजल्यावर असावे, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको.

तरुण मंडळींना एक सांगणे आहे. आपले शहर वर्तमानपत्रांच्या बाबतीत जुने आहे. येथले 'गुजरातमित्र' १८६३ पासून चालू आहे, आणि अँड्र्यूज लायब्ररी त्याच्याही आधीची, १८५० सालची. वाचनालयात जाऊन जुना अंक उघडाल तेव्हा पहिले पान वाचाच; मग सावकाश आतली पाने उलटा. लिलाव, नोकरीच्या जाहिराती, बाजारभाव, मोटारीच्या वेळापत्रकाचे बदल, हे सर्व वाचा. राजे आणि सेनापती पहिल्या पानावर भेटतील. आपले आजोबा भेटलेच, तर आतल्या पानांवर भेटतील.

लढाईची गाडी एका दिवसात शांततेची होत नाही. कोणीतरी तिचा साटा काढावा लागतो, कोणीतरी बाके ठोकावी लागतात, कोणीतरी पहाटे उठून ती सुरू करावी लागते. संस्थेचेही तसेच आहे. तिच्या घटनेवर विश्वस्तांच्या सह्या असतात, पण ती चालती ठेवणारे हात निराळे आणि पुष्कळ असतात. त्या हातांची नोंद करण्याचे काम या महोत्सवी वर्षात सुरू झाले, तर हा महोत्सव साजरा झाला असे आम्ही म्हणू.